लळा: चिकटण्याचा नव्हे, खेळण्याचा शब्द

विट्याच्या एका बालवाडीताईंचा प्रश्न आहे: मानसशास्त्रातल्या ‘अटॅचमेंट’ला, म्हणजे लेकराची आपल्या माणसाशी जी ओढ जडते तिला, आसक्ती म्हणावं की लळा? आणि दारात आईचा पदर न सोडणाऱ्या पोराला ‘आईचा फार लळा आहे’ म्हणणं बरोबर का?

आसक्ती नकोच. पालकसभांतून हा शब्द ऐकला की कानाला टोचतो. आसक्ती विषयांची, पैशाची; ती सुटावी म्हणून कीर्तनं होतात. दहा महिन्यांच्या बाळाच्या माथी ती का मारायची? ‘अनुबंध’ चुकीचा नाही, पण आटपाडीच्या आजीला तो समजावून सांगावा लागतो. लळा सांगावा लागत नाही. तिथं कोकरालाही लळा लागतो.

लळ्याचं मूळ आहे संस्कृत ‘लल्’ धातू, आणि त्याचा अर्थ खेळणे, बागडणे! दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो: फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ. जोडाक्षर असेल तर ल टिकतो: गल्ल-गाल. याच नियमानं ललितचं लळीत झालं, उत्सवाच्या शेवटी सोंगं आणतात ते. ‘लालयति’ म्हणजे खेळवतो, लालन त्यातलंच. तान्ह्याची लाळ अंगावर गळते म्हणून लळा, असं सांगणारे साफ चुकतात. लाळ आली ‘लाला’पासून आणि तिचा आ शाबूत आहे. लळ्याच्या पहिल्या अक्षरातला आ कुठं गेला, ते त्यांनी सांगावं.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 26 बाळांच्या घरी जाऊन जे टिपलं, ते या धातूशी तंतोतंत जुळतं. आईचा भरवसा असलेलं मूल तिला सोडून खेळायला जातं, मधूनच वळून बघतं, पुन्हा खेळतं. त्यांच्या चाचणीत 12 ते 18 महिन्यांचं मूल, अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई आणि साधारण तीन-तीन मिनिटांचे प्रसंग असतात. आई दोनदा बाहेर जाते. मूल किती रडलं यावर निकाल ठरत नाही. आई परतल्यावर ते तिच्याजवळ येऊन शांत होतं का आणि पुन्हा खेळण्यांकडे वळतं का, हे मुख्यतः पाहतात. आई गेली-आली तरी ढिम्म बसणारं मूल ‘शहाणं’ समजू नये. अशा मुलांच्या छातीचे ठोके वाढलेले 1977च्या अभ्यासात आढळले आहेत.

आणखी एक. माया वरून खाली वाहते, लळा खालून वर चढतो. आई माया करते, लेकराला लळा लागतो. ‘आजीला नातवाचा लळा’ म्हणतात खरं, पण तो अर्थ नंतर पसरलेला, असंच माझं ठाम मत आहे. अटॅचमेंटचा सिद्धांत मांडणारे जॉन बोल्बी यांनीही मुलाची ओढ आणि मोठ्यांचं सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. मराठीत त्यांना दोन शब्द आधीपासून आहेत.

लालनानं पोर बिघडतं, असं बजावणारा चाणक्याच्या नावावरचा श्लोक मात्र तान्ह्यांच्या बाबतीत कुणी ऐकवू नये. पहिल्या महिन्यांत रडण्याला चटकन ओ मिळालेली बाळं वर्षअखेरीस कमी रडतात, असं एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकारी बेल यांना 1972 साली दिसलं.

राहिला ताईंच्या बालवाडीतला पोरगा. पदर धरणं म्हणजे जास्त लळा नव्हे. झोप, ताप, भूक, घरात नवं बाळ, काहीही कारण असू शकतं. शिवाय ती चाचणी तीन वर्षांच्या मुलासाठी नाही, तेव्हा तिचा शिक्का त्याच्यावर मारू नका. आई गेल्यावर किती वेळात खेळू लागतो, आणि न्यायला आल्यावर काय करतो, हे पंधरा दिवस वहीत टिपा.