यादी कुणापुढे वाचता?

प्रश्न : माझी रोजची प्रार्थना म्हणजे यादीच असते. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, यजमानांची शुगर. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, आधी देवाला ओळखा. मग मागणं चूक आहे का?
(एक भगिनी, श्रीरामपूर)

ताई, मागणं मुळीच चूक नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं. पण ज्याच्याकडे मागायचं त्याचा स्वभाव ठाऊक झाला की मागण्याची रीत बदलते. बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा १४ वा अध्याय काढा. देवाने देऊ केलेला कनान देश पाहून हेर परतले, इस्राएल लोकांनी हाय खाल्ली, मिसरात (इजिप्तमध्ये) परत जाऊ म्हणाले. देवाचा कोप भडकला. त्यांचा पुढारी मोशे मध्यस्थी करायला उभा राहिला, पण ‘लोक तसे भले आहेत’ असं चुकूनही म्हणाला नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच! सीनाय पर्वतावर देवाने स्वतःची जी ओळख सांगितली होती, की तो मंदक्रोध (लवकर न रागावणारा) आहे, दयेने भरलेला आहे, अपराधांची क्षमा करतो, तीच मोशेने त्याच्यापुढे ठेवली. तूच असं बोलला होतास, आता तसं कर. क्षमा मिळाली. (त्या पिढीतले बहुतेक जण कनानात मात्र पोचले नाहीत. क्षमा झाली म्हणजे परिणाम टळतातच असं नाही, हेही त्याच अध्यायात आहे.)

सीनायवरचे हे शब्द पुढे ८६ व्या स्तोत्रात येतात, नहेम्याच्या पुस्तकातल्या ९ व्या अध्यायातल्या पापकबुलीत येतात. योएल संदेष्टा लोकांना पश्चात्तापासाठी बोलावतो तोही याच शब्दांच्या आधाराने. संकटात सापडलेले इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच धरून देवाकडे गेले.

तेव्हा यादी फाडू नका. ती वाचण्याआधी त्या दिवशीच्या शास्त्रभागातून देवाविषयी जे कळलं ते एका वाक्यात त्याला म्हणा, मग शुगरचं मागणं करा. माझा अंदाज, थोड्या दिवसांनी यादीत नवी नावं शिरतील. जिच्याशी बोलणं बंद आहे ती जाऊबाई, उदाहरणार्थ. दयाळू देवापुढे रोज उभं राहून तिला वगळणं जड जातं.

प्रश्न : देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, तर सांगायचं कशाला?

मत्तयाच्या ६ व्या अध्यायात येशू हेच म्हणतो, की तुमच्या गरजा पित्याला मागण्याआधीच माहीत आहेत. आणि लगेच पुढच्या ओळीत प्रार्थना शिकवतो. म्हणजे गप्प बसा असं त्याला म्हणायचं नाही, पाल्हाळ नको असं म्हणायचं आहे. त्याने शिकवलेली प्रार्थना म्हणायला एक मिनिटही लागत नाही. आपल्या काही प्रार्थनासभांनी हे मनावर घ्यावं.

प्रश्न : भावाच्या आजारपणात आम्ही उपास केले, रात्री जागवल्या. तो गेला. मंडळीतले काही जण म्हणाले, विश्वास कमी पडला. आता प्रार्थनेला बसलं की फक्त राग येतो.

ज्यांनी तसं म्हटलं त्यांचं चुकलं, हे आधी स्पष्ट सांगतो. शरीरातला काटा (सतत छळणारा त्रास) निघावा म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द देवाच्या पुत्राने, येशूने, दुःखाचा प्याला टळावा असं मागितलं आणि तो टळला नाही. यांचा विश्वास कमी होता का?

रागाचं म्हणाल, तर ८८ वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, तरी ते देवाच्या लोकांच्या प्रार्थनांमध्ये आहे. आणि योना संदेष्टा! निनवे शहर देवाच्या शिक्षेतून वाचलं म्हणून तो संतापला, तेव्हा त्याने सीनायवरचे तेच शब्द देवाला तक्रार म्हणून ऐकवले. तू दयाळू आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच तर निनवेला न जाता मी तार्शीशला पळालो! देवाने त्याला हाकलून दिलं नाही. त्याच्याशी बोलत राहिला. तुमचा राग देवाच्या पाठीमागे न काढता त्याच्या तोंडावर काढा. शब्द सुचत नसतील तर ते स्तोत्रच मोठ्याने वाचा. आणि उपदेश न करता शेजारी बसेल असं एक माणूस शोधा.

प्रश्न : मी सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकतो. बायबलचा अर्थ उलगडणारे टीकाग्रंथ वाचतो, पण प्रार्थना कोरडी. माझी आजी जेमतेम चौथी शिकलेली, तास तास प्रार्थना करते. ज्ञानच आड येतंय का?

आजी अडाणी आहे असं धरून चालू नकोस. तिच्या उशाशी ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक असेल, तर त्यातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी भजनं तिला पाठ असतील. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने देवाशी मराठीत कसं बोलावं हे मंडळीला शिकवलं. आजीचं ईश्वरज्ञान तिथून आलंय, आणि ते कच्चं नाही.

अभ्यास आड येत नाही. दानीएल यिर्मया संदेष्ट्याचे लेख अभ्यासत होता, आपल्या लोकांच्या बाबेलातल्या बंदिवासाची ७० वर्षं मोजत होता, आणि त्या अभ्यासातूनच दानीएलाच्या पुस्तकातल्या ९ व्या अध्यायातली ती जबरदस्त कबुली निघाली. तुझं वाचन परीक्षेच्या वहीत संपतं एवढंच. ‘देव विश्वासू आहे’ असं टिपण काढलंस की खाली ‘तू विश्वासू आहेस’ असं लिहून बघ. पुढचं वाक्य आपोआप सुचतं. कधी कधी ते कबुलीचं असतं, तयारी ठेव.

प्रश्न : विरार लोकलमध्ये उभ्याने केलेली प्रार्थना चालते का? घरी वेळच नाही.

चालते. नहेम्या पारसाच्या राजाच्या पदरी होता. राजाने त्याला प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याआधी नहेम्याने देवाची प्रार्थना केली. किती वेळ मिळाला असेल? श्वासभर. पण त्याआधी यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यापासून तो उपास करत, रडत देवापुढे बसला होता, आणि ही भेट झाली निसान महिन्यात. म्हणजे चारेक महिने. तेव्हा लोकलमध्ये जरूर करा, डोळे उघडे ठेवून. आणि रविवारी दुपारी जेवणानंतरचा अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून काढता येतो का, तेही पाहा.