कोविडच्या महामारीत मास्क वगैरेचे नियम माहीत असूनही विद्यार्थी मित्रांत गेले की ते का सोडून देत होते?

मी त्या काळात विद्यापीठाच्या होस्टेलवर होतो, म्हणून सांगतो. आजाराची भीती आम्हाला होतीच. पण चारचौघांत वेगळं पडण्याची भीती त्याहून जवळची होती.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. एका खोलीत सहाजण, खिडकी बंद, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. मी नाक-तोंड झाकून आत शिरलो. दोघांनी मान वर करून पाहिलं, बस्स. कुणी हसलं नाही, कुणी टोकलंही नाही, तरी पाच मिनिटांत माझा मास्क खाली आला होता. परत जाताना जिन्यात त्यातलाच एकजण हळूच म्हणाला, "घरी आजी आहे रे. आत बसवत नव्हतं." मलाही बसवत नव्हतं! दुसऱ्याला काहीच वाटत नाहीये असं धरून आम्ही दोघंही तासभर गप्प बसलो होतो.

हे नवीन नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारू पिण्यावर 1993 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही हेच दिसलं: कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल आपल्याला जेवढं खटकतं तेवढं बाकीच्यांना खटकत नाही, असा बहुतेकांचा समज होता. म्हणजे ज्या 'सगळ्यांच्या' मताला आपण मान देतो, ते मत पुष्कळदा सगळ्यांचं नसतंच.

म्हणूनच 'बरेच विद्यार्थी नियम मोडत आहेत' अशा सूचना मला घातक वाटतात. त्यातून पोरांना एवढंच कळतं की बरेच जण मोडतायत. अ‍ॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. तिथून लोक अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाचे तुकडे उचलून नेतात. 'अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगल बदललं' अशा पाटीजवळचे जवळपास 8 टक्के तुकडे गेले; 'कृपया नेऊ नका' एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळचे 2 टक्क्यांहूनही कमी.

आमच्याकडे फरक पडला तो त्या जिन्यातल्या मित्रामुळे. पुढच्या वेळी तो दारातच मोठ्याने म्हणाला, "आजीकडे जायचंय, खिडकी उघडतो." आणखी दोघांनी लगेच मास्क वर घेतले. ते बहुधा कुणीतरी बोलण्याचीच वाट पाहत होते.

पण एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगायलाच हवी. पुढे मजल्यावर सगळे काटेकोर झाले आणि आजारी पडणाऱ्याकडे गुन्हेगारासारखं पाहू लागले. 'तुझ्यामुळे सगळा मजला क्वारंटाइन होईल' हे वाक्य मीही एकदा बोललो आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण शेजारच्या खोलीतला मुलगा त्यानंतर उशीत तोंड खुपसून खोकायचा. त्याला ताप आहे हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.