राजा जिंजीला, बादशहा माचणूरला, मग राज्य चालवलं कोणी?

प्रश्न: संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराज पार तमिळ मुलखात जिंजीला, आणि औरंगजेब म्हणे आपल्या सोलापूरच्या जवळच छावणी टाकून बसलेला. एवढं होऊनही स्वराज्य मोडलं कसं नाही? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: छावणीचं खरंय. मंगळवेढा रोडला माचणूर लागतं ना, सिद्धेश्वराच्या देवळाला जाणाऱ्यांनी तिथला किल्ला पाहिलाच असेल, तिथेच ब्रह्मपुरीला भीमेकाठी 1695 ते 1699 बादशहाचा तळ होता.

आता कारभाराचं. राजाराम महाराजांनी अधिकार स्वतःजवळ धरून ठेवला नाही, माझ्या मते सगळं त्यात आलं. 1689 ला निघताना इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला, पुढे हुकूमतपनाह असा किताबही दिला, म्हणजे प्रत्येक गोष्टीला जिंजीच्या उत्तराची वाट बघायची नाही, कारण मधे सगळीकडे मोगल, पत्र पोचेल कधी? शंकराजी नारायण सोबतीला, रणांगण संताजी-धनाजींकडे.

पण माणसं फुटायची भीती फार होती हो. औरंगजेब मनसब (मोगली हुद्दा), वतनं (पिढीजात जमीन-हक्क) देऊन देशमुखांना ओढत होता आणि आपली तिजोरी रिकामी, फौजेला पगार द्यायचा कुठून? मग शिवाजी महाराजांनी जे टाळलं होतं तेच करावं लागलं, वतनांच्या सनदा दिल्या, अजून न जिंकलेल्या मुलखाच्यासुद्धा. 1691 ला हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या सनदेत तर दिल्ली घेतल्यावर काय मिळेल तेही लिहिलंय! काही जण यावर हसतात, मला ते पटत नाही, राजधानी हातात नसताना जो राजा दिल्लीचं बोलतो त्याच्या मागे माणसं उभी राहतात.

याची किंमतही मोजली. सरदार आपापल्या बळावर मोठे झाले, संताजी-धनाजींचं भांडण महाराजांना मिटवता आलं नाही आणि 1697 ला संताजींसारखा सेनापती त्या वैरात मारला गेला. हे वाचताना आजही जीव तुटतो.

1700 ला राजाराम महाराज गेले तेव्हा त्यांच्या राणी ताराबाई पंचविशीच्या, मुलगा लहान. त्यांनी मुलाला गादीवर बसवलं, कारभार स्वतः बघितला, आणि सातारा, पन्हाळा, सिंहगड असे एकेक गड जात असतानाही फौजा नर्मदेपलीकडे माळव्यात घुसवल्या. 1707 ला नगरजवळ बादशहा मेला तोपर्यंत त्याने घेतलेल्यातले बरेच गड आपल्या लोकांनी परत घेतले होते.