आधी कविता, मग गाईड

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे बी. ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या विद्यार्थ्यांची आहेत. त्यांतल्या शंका एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की त्यांतील पाच निवडून उत्तरे दिली तरी बाकीच्यांचेही काम भागावे.

प्रश्न : मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी स्पेशल घेतले आहे. बारावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आम्हाला रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’ ही कविता आहे. गाईडमधला सारांश आणि ‘सेंट्रल आयडिया’ मला तोंडपाठ आहे, उत्तर चांगले दोन पाने लिहिते, तरी दहापैकी साडेचारच्या वर गुण मिळत नाहीत. माझे काय चुकते?
— एक विद्यार्थिनी, बुलढाणा जिल्हा

उत्तर : तुमचे पाठांतर चुकत नाही, तुमची सुरुवात चुकते. मी अनेक वर्षे कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासण्याच्या केंद्रावर, या विषयाचे पेपर तपासले आहेत. एका गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘प्रवास म्हणजे जीवन, जंगल म्हणजे मोह आणि झोप म्हणजे मृत्यू’ हे समीकरण त्याच क्रमाने आणि जवळजवळ त्याच शब्दांत आलेले असते. ते चूक आहे म्हणून परीक्षक गुण कापत नाही. ते तुम्ही कवितेतून काढलेले नाही, हे त्याला दुसऱ्याच वाक्याला कळते, म्हणून त्याचा हात आखडतो. मृत्यू हा शब्द त्या कवितेत कोठेही नाही. तुम्हाला तो तेथे जाणवत असेल तर जरूर लिहा, पण कोणत्या शब्दांमुळे जाणवला हेही लिहा.

तेव्हा गाईड आठवडाभर बाजूला ठेवा आणि सोळा ओळींची ती कविता पेन्सिल हातात घेऊन तीन वेळा मोठ्याने वाचा. त्यानंतर प्रत्येक कडव्यात काय घडते ते एकेका साध्या मराठी वाक्यात वहीत लिहून काढा. पहिल्या कडव्यात एक माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या रानापाशी थांबला आहे, मालक गावात राहतो, त्यामुळे आपल्याला कोणी पाहणार नाही असे त्याला वाटते. दुसऱ्यात त्याच्या घोड्याला हे आडरानात थांबणे चमत्कारिक वाटत असावे. तिसऱ्यात घोडा आपल्या साजाच्या घुंगरांना झटका देतो आणि त्याखेरीज फक्त वाऱ्याचा व बर्फाचा मऊ आवाज आहे. चौथ्यात रान सुंदर आहे, पण वचने पाळायची आहेत आणि बरेच मैल जायचे आहे. एवढे चार वाक्यांचे टिपण तुमच्या स्वतःच्या हातचे झाले, की उत्तराचा पाया पडला. शब्दकोश या टप्प्यावर जवळ असावा, पण सावधपणे. घोड्याच्या संदर्भात आलेला ‘क्वीअर’ हा शब्द आज मोबाइलवर शोधलात तर भलताच अर्थ आधी दिसेल, आणि येथे तो फक्त ‘विचित्र’ एवढ्याच जुन्या अर्थाने आला आहे.

आता पेन्सिलीचे काम. ‘वुड्स’ हा शब्द कवितेत चार वेळा येतो, त्या चारही जागांना खूण करा. पहिल्या ओळीत हे रान ‘कोणाचे’ हा विचार आहे, चौथ्या ओळीत ते ‘त्याचे’ रान आहे, म्हणजे पहिल्या कडव्यात दोन्ही वेळा मालक हजर आहे. दुसऱ्या कडव्यात मात्र ते नुसते रान होते, आणि शेवटच्या कडव्यात ‘सुंदर’ हे विशेषण येते तेव्हा मालकाचा मागमूसही राहिलेला नसतो. म्हणजे थांबलेला माणूस मालकी, गाव, लोक काय म्हणतील हे सारे हळूहळू विसरत रानात ओढला जातो, आणि तेवढ्यात ‘बट’ हा एवढासा शब्द त्याला मागे खेचतो. हे निरीक्षण अमेरिकेतल्या हिवाळ्याची काडीइतकी माहिती नसलेल्या विद्यार्थ्यालाही करता येते, आणि त्याच्यावर अर्धे पान सहज लिहिता येते.

यमकांकडेही असेच पाहा. पहिल्या तीन कडव्यांत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ जुळते आणि तिसरी एकटी पडते. पण त्या एकट्या ओळीचे यमक पुढच्या कडव्याचे मुख्य यमक होते. गाण्याच्या भेंड्यांत जसे मागच्याने सोडलेले अक्षर पुढच्याला उचलावे लागते, तसे ‘हिअर’वरून ‘क्वीअर’, ‘लेक’वरून ‘शेक’, ‘स्वीप’वरून ‘डीप’ अशी साखळी चालू राहते. शेवटच्या कडव्यात चारही ओळी एकाच यमकावर येतात आणि शेवटची ओळ तर जशीच्या तशी पुन्हा येते. साखळी तेथे थांबते. पुढच्या कडव्याला देण्यासारखे काही उरत नाही. ‘राइम स्कीम’ ए ए बी ए आहे एवढे लिहिण्याला एक गुण मिळतो, ती तशी का आहे हे दोन वाक्यांत सांगण्याला तीन मिळतात.

जाता जाता एका स्वल्पविरामाची गोष्ट. ही कविता 1923 साली प्रसिद्ध झाली. फ्रॉस्ट यांच्या निधनानंतर, 1969 साली निघालेल्या संपादित आवृत्तीत ‘लव्हली, डार्क अँड डीप’ या ओळीतल्या ‘डार्क’नंतर संपादकाने एक स्वल्पविराम वाढवला. मूळ ओळ वाचताना रान काळोखे आणि खोल आहे म्हणूनच सुंदर आहे, असा अर्थ लागतो. वाढीव स्वल्पविरामाने तीन वेगवेगळे गुण एका रांगेत उभे राहतात. त्यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. तुमच्या पाठ्यपुस्तकात कोणती ओळ छापली आहे ते आजच पाहा. एवढ्या बारकाईने कविता वाचायची असते हे त्यावरून लक्षात येईल.

प्रश्न : लघुकथेवरच्या प्रश्नाला मी कथानक, व्यक्तिरेखा, थीम असे तीन मथळे देऊन लिहितो. सर म्हणतात, ‘तू गोष्ट सांगतोस, उत्तर देत नाहीस.’ ओ. हेन्री यांची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ आम्हाला आहे. त्यात प्रेम आणि त्याग याशिवाय वेगळे काय लिहायचे?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमच्या सरांचे म्हणणे बरोबर आहे. परीक्षकाला गोष्ट माहीत असते, त्यामुळे ती पुन्हा सांगण्यात तुमचा वेळ जातो आणि गुण मिळत नाहीत. कथानक जास्तीत जास्त चार वाक्यांत आटोपा. आणि एक लक्षात ठेवा, इंग्रजी उत्तरात कथेतल्या घटना वर्तमानकाळात लिहिण्याचा प्रघात आहे. मराठीत आपण ‘डेलाने केस विकले’ असे सहज म्हणतो आणि त्याचेच भाषांतर करून भूतकाळात लिहीत सुटतो. मग मध्येच वर्तमानकाळ येतो आणि सगळा परिच्छेद लंगडतो.

आता या कथेत काय पाहावे, तर पैसे. ही कथा 1905 साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात नाताळाच्या तोंडावर छापून आली, आणि तिची सुरुवातच एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट या रकमेने होते. पुढे लेखक हिशेब मांडतच जातो. घराचे भाडे आठवड्याला आठ डॉलर, डेलाचा नवरा जिम याचा पगार पूर्वी आठवड्याला तीस होता तो आता वीस झाला आहे. जिमला नाताळाची भेट देण्यासाठी डेला आपले केस वीस डॉलरला विकते, त्याच्या घड्याळासाठी साखळी एकवीस डॉलरला घेते आणि सत्त्याऐंशी सेंट घेऊन घरी येते. बेरीज-वजाबाकी करून पाहा, ती बरोबर जुळते. एवढा काटेकोर हिशेब मांडणारा लेखक शेवटी असे दाखवतो, की व्यवहाराच्या वहीत हा सौदा सपशेल आतबट्ट्याचा ठरला: साखळी आहे पण डेलाला कंगवे घेण्यासाठी जिमने घड्याळ विकलेले, कंगवे आहेत पण तिचे केस कापलेले. आणि त्याच क्षणी निवेदक या दोघांना सर्वांत शहाणे म्हणतो. ‘त्याग’ हा शब्द न वापरता, केवळ या आकड्यांच्या आधाराने तुम्ही शीर्षकापर्यंत पोहोचू शकता. बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष म्हणजे ‘मॅजाय’. कथेच्या शेवटच्या परिच्छेदात निवेदक त्यांच्याशी या जोडप्याची तुलना करतो, आणि ते ठाऊक नसेल तर शीर्षकावरचा प्रश्न हातचा जातो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे लेखक आपल्याला कोणाबरोबर फिरवतो. संपूर्ण दिवस आपण डेलाच्या बरोबर आहोत. जिम घड्याळ विकायला कधी गेला, ते विकताना त्याला काय वाटले, यातले काहीही आपल्याला दाखवलेले नाही. शेवटचा धक्का त्या लपवण्यातून तयार होतो. ‘सरप्राइज एंडिंग’ असे नुसते लिहू नका, तो धक्का कसा बसवला ते लिहा. एकदा शेवट ठाऊक झाल्यावर कथा पुन्हा वाचलीत तर जिमला ओव्हरकोटची गरज आहे आणि हातमोजे नाहीत, ही मधली वाक्ये वेगळीच लागतात.

प्रश्न : कवितेचे ‘स्कॅन्शन’, म्हणजे ओळीत ठोके कोठे पडतात ते खुणांनी दाखवणे, करायचे असते तेव्हा माझे नेहमी चुकते. मराठीची वृत्ते मला चांगली येतात, तरी असे का व्हावे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : मराठीची वृत्ते येतात म्हणूनच. भुजंगप्रयातात चार ‘य’ गण, प्रत्येकात एक लघू आणि दोन गुरू, हे आपण मनाचे श्लोक म्हणत कानाने शिकलेलो असतो. इंग्रजी छंद मात्र अक्षर ऱ्हस्व आहे की दीर्घ यावर चालत नाही, तो आघातावर चालतो. ‘विलेज’ हा शब्द घ्या. आपल्या हिशेबाने ‘वि’ लघू आणि ‘लेज’ गुरू, म्हणून आपण जोर ‘लेज’वर देतो, इंग्रजीत आघात ‘वि’वर आहे. वर सांगितलेल्या फ्रॉस्टच्या कवितेतली दुसरी ओळ ‘हिज हाउस इज इन द विलेज दो’ अशी आहे. तिच्यात आठ उच्चारावयव (सिलेबल) आहेत, आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्यावर ठोका पडतो: हाउस, इन, वि, दो. शब्दकोशात उच्चाराशेजारी आघाताची लहान उभी खूण असते, ती पाहायची सवय लावून घ्या आणि लघु-गुरूच्या खुणा या पेपरपुरत्या विसरा.

प्रश्न : मी नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून शिकतो. नाटक किंवा कथा आधी मराठी अनुवादातून वाचली तर ती पळवाट होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी ‘किंग लिअर’ मराठीत आणले. असा अनुवाद शेजारी ठेवून मूळ नाटक वाचणे हा फार चांगला अभ्यास आहे. कथानक एकदा मराठीत पक्के झाले, की मूळ वाचताना लक्ष शब्दांकडे राहते. कवितेच्या बाबतीत मात्र क्रम उलटा ठेवा: आधी मूळ, मग अनुवाद, कारण अनुवादकाने लावलेला अर्थ एकदा डोक्यात बसला की तो निघता निघत नाही. आणि उत्तरात अवतरण द्यायचे ते मूळ इंग्रजीतूनच, अर्धी ओळ का होईना, पण स्पेलिंगसह अचूक.

प्रश्न : ‘अनसीन पोएम’चा प्रश्न मी नेहमी सोडून देते. जी कविता कधी वाचलीच नाही, तिच्यावर काय लिहिणार? कवीचे नावही दिलेले नसते.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाव मुद्दामच देत नाहीत. केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचे नाव आणि काळ झाकून कविता वाचायला देत आणि त्यांच्याकडून लेखी मते घेत. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1929 साली निघाले. चांगल्या शिकलेल्या मुलांनीही कविता न वाचता आपल्याच ठरीव कल्पना तिच्यावर लादल्याचे त्यात दिसून आले. तेव्हा ही धास्ती तुमच्या एकट्या बाकावरची नाही.

हा प्रश्न सोडू नका, कारण त्याला पाठांतर लागत नाही आणि गाईडवाल्यांनाही त्याचे तयार उत्तर देता येत नाही. कवी कोण असेल याचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नका. बोलणारा ‘मी’ कोण आहे, तो कोणाशी बोलतो, कोठे आणि कोणत्या वेळी, एवढे आधी शोधा. त्याला ‘पोएट’ न म्हणता ‘स्पीकर’ म्हणा, कारण कवी आणि कवितेतला ‘मी’ एकच असतील असे नाही. मग ‘बट’, ‘येट’, ‘नाउ’, ‘देन’ यांसारखा वळण देणारा शब्द हुडका, बहुतेक कविता तेथेच कूस बदलते. एकच प्रतिमा निवडा आणि तिच्यावर पाच-सहा वाक्ये लिहा. पाच अलंकारांची नावे एका ओळीत कोंबण्यापेक्षा ते केव्हाही बरे. चौदा ओळी मोजून झाल्या तर ‘सॉनेट’ म्हणण्यापूर्वी यमके तपासा. केशवसुतांनी हा प्रकार मराठीत आणला आणि पुढे ‘सुनीत’ या नावाने तो रुळला, त्यामुळे तो तुम्हाला अगदीच परका नसेल. एखादी ओळ कळलीच नाही, तर ती वगळून कळलेल्या ओळींवर लिहा. आणि सरावासाठी तुमच्याच पाठ्यपुस्तकातली, अभ्यासक्रमाला न लावलेली कविता घ्या, कवीच्या नावावर कागदाची पट्टी ठेवा आणि घड्याळ लावून पंचवीस मिनिटांत लिहून काढा.