सहीच्या आधी एवढं वाच

बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस की डिसेंबरचा मुहूर्त ठरला आणि मुलाकडचे म्हणतायत लग्नाआधी एक कागद करूया, कुणाची मालमत्ता कुणाची याचा करार, तेव्हा तुझा आवाज जरा पडलेला वाटला म्हणून रात्रीच लिहायला बसले. तुझी पुण्याची मैत्रीण म्हणते ना की असल्या कागदाला कोर्टात किंमत नसते, ते तिच्याकडे बरंचसं खरंय, तिथे 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 आडवं येतं, सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्द धरणारं. पण तू फोंड्याची, मुलगा म्हापशाचा, आणि आपल्या गोव्यात 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड 1961 नंतरही चालूच राहिला, त्यात हा करार पक्का कायदेशीर आहे. म्हणजे सही केलीस की बांधली गेलीस.

काहीच करार केला नाही तर आपोआप कम्युनियन, म्हणजे सामाईक मालकी, लागतं, म्हणजे लग्नाआधीचं, नंतरचं, वडिलोपार्जित, कमावलेलं सगळं दोघांचं मिळून, अर्धं अर्धं, आणि घर-जमीन विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. ते लोक जो कागद म्हणतायत तो बहुतेक सेपरेशनचा, म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा, असणार, त्याचं ते त्याचं, तुझं ते तुझं. ऐकायला बरोबरीचं वाटतं गं, पण त्यांच्याकडे बागायत आणि दोन दुकानं, तुझ्याकडे पगार, उद्या मूल झालं आणि तू दोन-तीन वर्षं घरी राहिलीस तर तुझ्या नावावर काय राहणार ते आत्ताच मांडून बघ. मी सेपरेशनच्या विरोधात नाही, तुझा स्वतःचा धंदा असता तर मीच तुला ते सुचवलं असतं. पण तू अर्धा हक्क सोडतेयस हे कळून सोड. मधला रस्ताही आहे, लग्नानंतर दोघं कमवाल तेवढं दोघांचं, आधीचं आणि वारशाने आलेलं ज्याचं त्याला. माझं मन विचारशील तर तोच मागून बघ, त्यात कुणाचाच अपमान होत नाही.

आणि कोर्टाबाहेर स्टॅम्पपेपरवर टाइप करून साध्या नोटरीचा शिक्का मारला की झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नको. पब्लिक डीडच लागतं, सब-रजिस्ट्रार ऑफिसात, स्पेशल नोटरीसमोर केलेलं, आणि तेही लग्नाच्या आधी. आपल्याकडे कायद्याने लग्न म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या सह्या, मांडवातला मुहूर्त नाही, त्यामुळे रजिस्ट्रारकडे पहिल्या सहीला जायच्या आधीच डीड उरकून घे. माझ्याकडे असाच करार करायला एक मुलगी आली होती, लग्नाला तीन वर्षं झालेली, म्हणाली ताई आता करून द्या, नवराही तयार आहे. नाही करता आलं. एकदा लग्न झालं की दोघं राजी असली तरी नवा करारही करता येत नाही आणि केलेला बदलताही येत नाही, ती खुर्चीत बसून रडली ते अजून डोळ्यासमोर आहे.

त्यांच्या वकिलाने काढलेला ड्राफ्ट तिथल्या तिथे सही करू नको, घरी आण, तुझा वकील वेगळा ठेव. शनिवारी माझ्याकडे ये, येताना बाबांच्या घराचा एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, तुझं बँक पासबुक आणि आईने दिलेल्या सोन्याची यादी घेऊन ये. आणि त्यालाही सोबत आण, हे त्याच्यासमोरच बोलू.

तुझी ताई