दुसरे खाते उघडण्यापूर्वी

ऑनलाइन प्रोग्रामिंगच्या पहिल्या दोन स्पर्धांत रेटिंग घसरले म्हणून नवे खाते उघडावे का, असे आपण विचारले आहे. उघडू नये. रेटिंग प्रत्येकाचेच घसरते. माझे तर बरेच दिवस वर आलेच नव्हते.

सुटलेल्या प्रश्नावर आधीच्या प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे कोडफोर्सेस या स्पर्धांच्या संकेतस्थळावर साधारणतः 50 गुण कापले जातात, तर आयसीपीसी या महाविद्यालयीन संघस्पर्धेच्या पद्धतीत 20 मिनिटांचा दंड पडतो. त्यामुळे दुसऱ्या खात्यातून उत्तर चाचपून पाहावे आणि ते मान्य झाले की मुख्य खात्यातून पाठवावे, हा मोह नवख्यांना हमखास होतो. तो नियमभंगच आहे, आणि लपतही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मॉस हे साधन 1994 पासून कोडमधील साम्य शोधत आले आहे. चलांची नावे बदलून किंवा मोकळ्या ओळी घालून अशी साधने फसत नाहीत.

सुरुवातीला एवढे पाळावे:

- पाठवण्यापूर्वी दिलेली उदाहरणे आणि n = 1 (सर्वांत लहान इनपुट) सारखी टोकाची स्थिती स्वतः चालवून पाहावी. निम्मा दंड इथेच वाचतो, असा माझा अनुभव आहे.
- ऑनलाइन कंपायलर (ब्राउझरमध्ये कोड चालवण्याचे साधन) वापरताना कोड सार्वजनिक ठेवू नये. कोणी तो उचलला, तर प्रामाणिक असूनही संशय आपल्यावर येतो.
- मित्राला आपले खाते वापरू देऊ नये.

निर्धास्तपणे प्रयोग करायचे असतील, तर त्याच खात्यातून जुन्या स्पर्धा आभासी सहभागाने सोडवाव्यात. घड्याळ खरे चालते, रेटिंग मात्र हलत नाही.