सरासरीच्या आड राहिलेल्या आया

माता-बाल आरोग्यातल्या विषमतेबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या केंद्राच्या कार्यक्षेत्रात शंभरातल्या ब्याण्णव गरोदर स्त्रियांच्या किमान चार तपासण्या होतात. तरी वरिष्ठ म्हणतात, ‘विषमता शोधा’. एवढ्या चांगल्या आकड्यात शोधायचं काय?

उत्तर : आकडा आधी फोडा. समजा, वर्षाला १००० बाळंतपणं झाली आणि ८० जणींच्या तपासण्या अपुऱ्या राहिल्या. त्या ८० पैकी ६० जणी एकाच वस्तीतल्या निघाल्या आणि त्या वस्तीत वर्षाला १५० बाळंतपणं होत असली, तर तिथला आकडा ९२ नाही, ६० आहे. बाकीच्या भागात ८५० पैकी २० राहिल्या, म्हणजे तिथं जवळजवळ ९८. तुमचे ब्याण्णव यातल्या कुठल्याच भागाचे नाहीत.

फोडताना वस्ती, आईचं वय, शिक्षण, घरात बोलली जाणारी भाषा, कितवं बाळंतपण हे निकष एकेक करून लावा. सगळे एकदम लावलेत तर एकेका रकान्यात सात-आठ बायका उरतात. सातातली एक कमी-जास्त झाली तरी टक्केवारी १४ ने हलते आणि त्या हलण्याला काही अर्थ नसतो. अशा वेळी तीन वर्षांचे आकडे एकत्र करा, किंवा टक्के सोडून सरळ ‘७ पैकी २’ असं लिहा.

याहून मोठी चूक छेदात असते. केंद्राच्या नोंदवहीत केंद्रात आलेल्या बायकाच असतात. जी कधी आलीच नाही ती अंशातही नाही आणि छेदातही नाही, त्यामुळे ती आकडा बिघडवत नाही. तेव्हा यादी दुसऱ्या वाटेनं काढा : जन्मनोंदणी घ्या, बाळांच्या लसीकरणाची नोंद घ्या आणि त्यातली कोणती नावं गरोदरपणाच्या वहीत नाहीत ते पाहा. या यादीतही मृत जन्मलेली बाळं आणि दगावलेल्या आया सुटू शकतात. त्यांच्यासाठी वस्तीत जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

शेवटी भेटीत झालं काय, हे तपासा. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून चार नव्हे, आठ भेटी सुचवते. पण आठ वेळा येऊन एकदाही रक्तदाब मोजला नसेल तर त्या भेटी कागदावरच्या. रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस हे सगळं झालेल्या किती, ते मोजा. आकडा घसरला तर लपवू नका, खरा आकडा तोच असतो.

प्रश्न : बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे अनुभवी परिचारिकेला नजरेनं कळतं. मग मोजायच्या पिशव्यांचा खर्च कशाला? आणि त्याचा समतेशी काय संबंध?

उत्तर : नजर फसते, अनुभवी माणसाचीही. रक्तस्राव जितका जास्त तितका अंदाज कमी येतो, कारण चादरीत आणि कापसात मुरलेलं, जमिनीवर पसरलेलं रक्त हिशेबात येत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीनं जेमतेम निम्मे रक्तस्राव वेळेत ओळखले गेले. खुणा असलेली पारदर्शक पिशवी आणि ठरलेले उपचार यांची जोड दिलेल्या रुग्णालयांत ९३ टक्के. रक्तस्राव एक लिटरच्या पुढे जाणं, त्यासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागणं किंवा त्यानं मृत्यू होणं, यांचं एकत्रित प्रमाण तिथं ६० टक्क्यांनी घटलं.

पिशवी बाळ बाहेर आल्यावर आणि गर्भजल निघून गेल्यावर कमरेखाली सरकवायची. आधी लावली तर गर्भजल मिसळतं आणि ५०० मिलीची खूण खोटी ठरते. वरचं तोंड नीट पसरा, नाहीतर रक्त कडेनं चादरीत जातं. कापसाचे बोळे आणि पट्ट्या कोरड्या असताना वजन करून ठेवा. नंतरच्या वजनात वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त.

५०० मिलीला पोचलं, किंवा ३०० ओलांडलं आणि नाडी जोरात चालते आहे, रक्तदाब उतरतो आहे, तर थांबू नका. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध), ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं औषध) एक ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाइन, आणि जननमार्ग कुठं फाटलाय का, वारेचा तुकडा राहिलाय का याची तपासणी, हे सगळं एकदम सुरू करायचं. एक करून पाहू, मग दुसरं, या पद्धतीत वेळ जातो. ट्रानेक्झॅमिक ॲसिड बाळंतपणापासून तीन तासांच्या आतच द्यायचं, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिरानं त्याचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. ते फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवलेलं आढळतं. दार उघडझाप होताना ते दिवसभर तापतं. वीज भरवशाची नसेल तर रक्तस्राव टाळण्यासाठी उष्णतेत टिकणारं, ऑक्सिटोसिनसारखंच काम करणारं कार्बेटोसिन (१०० मायक्रोग्रॅम) हा पर्याय आहे.

आता समतेचा संबंध. धडधाकट बाई जेवढं रक्त सोसते तेवढं रक्तक्षयाची बाई सोसत नाही, आणि रक्तक्षय गरीब घरात जास्त. शिवाय जवळपास रक्तपेढी नसलेल्या ठिकाणी तीच बाळंत होते. निदान उशिरा झालं तर तोटा सगळ्यांना सारखा होत नाही.

प्रश्न : सेवा फुकट आहे, तरी काही घरांतून बायका येतच नाहीत. अज्ञान, दुसरं काय?

उत्तर : अज्ञान म्हटलं की आपली सुटका होते, म्हणून हे उत्तर लोकप्रिय आहे. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोघी संशोधकांनी तीन उशिरांची मांडणी केली : घरात निर्णय व्हायला लागणारा उशीर, पोचायला लागणारा उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. तिसरा आपल्या दारातला असतो आणि पहिल्याला तोच खतपाणी घालतो. मागच्या वेळी तीन तास ताटकळलेली, ओरडून घेतलेली बाई पुढच्या वेळी कळा वाढेपर्यंत घरीच थांबते.

न येणाऱ्या दहा घरांत जाऊन एवढंच विचारा : मागच्या वेळी निघाल्यापासून परत येईपर्यंत काय काय झालं? बुडालेली मजुरी, धाकट्यांना सांभाळायला कुणी नसणं, दोन कामांसाठी दोन वेगळे दिवस, हेच बहुतेक पुढं येतं. बाळाची लस आणि आईची तपासणी एकाच फेरीत, एकाच खिडकीवर करा. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी केंद्र उघडं ठेवा. भाषा वेगळी असेल तर दुभाषा ठेवा. घरातल्या लहान मुलीला आईच्या अंगावरच्या स्रावाबद्दल बोलायला लावू नका.

प्रश्न : यंत्रं तर सगळ्यांना सारखीच लावली जातात. त्यांत भेदभाव कसा होईल?

उत्तर : सारखीच लावली म्हणूनच होतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की रक्तदाब खोटा वाढतो, बारीक दंडावर मोठा बांधला की खोटा उतरतो. दंडाचा मधला घेर ३३ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा हवा. पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, मोजताना गप्पा नाहीत.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी नजरेआड राहिलेली कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. आकडा ठीक आणि बाई धापा टाकते आहे, तर बाईवर विश्वास ठेवा.

प्रश्न : सून बाळंत होऊन तीन आठवडे झाले. बाळाच्या तपासण्या वेळेवर चालू आहेत. तिचं डोकं सारखं दुखतं. झोप कमी होते म्हणून असेल ना?

उत्तर : झोपेमुळे असेलही, पण आजच रक्तदाब मोजून घ्या. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढून झटके येऊ शकतात, गरोदरपणी तो नीट असला तरी. रक्तदाब १६० वर ११० किंवा त्याहून जास्त आला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणं, दम लागणं यांतलं काही असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तासाभरात पॅड भिजणं, ताप, घाण वासाचा स्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, जीव नकोसा वाटणं, यांतल्या कशालाही ‘बाळंतिणीचं असंच असतं’ म्हणू नका.

जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर आईची तपासणी पहिल्या २४ तासांत, मग ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात करायला सांगते. बाळाला घेऊन जाल तेव्हा तिचाही केसपेपर काढा. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य तिनं हेच बोलावं : ‘मी तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झाले.’ बाळ घरी ठेवून आलेली बाई बाळंतीण आहे, हे समोरच्याला दिसत नाही.